धागा: पगाराची नोकरी सोडून सॉफ्टवेअरमधे अप्रेंटिसशिप घ्यावी का?

तेरीज_जुळेना

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एकोणतीस वर्षांची, कॉमर्स झालेलं, सात वर्षं अकाउंट्समधे. मागची दोन वर्षं रात्री बसून पायथन शिकतेय. सुरुवात अशी झाली की बँकेचं स्टेटमेंट आणि आमचं लेजर ताडून बघायला दर महिन्याला दोन दिवस जायचे, त्यासाठी एक स्क्रिप्ट लिहिली आणि ते काम वीस मिनिटांवर आलं. त्या दिवसापासून डोक्यात दुसरं काही नाही.

आता एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीकडून अप्रेंटिसशिपची ऑफर आहे. बारा महिने, स्टायपेंड आत्ताच्या पगाराच्या निम्म्याहून थोडा कमी, पुढे "काम बघून" कायम करू म्हणतात. दुसरीकडे एका छोट्या कंपनीत थेट ज्युनियर डेव्हलपर म्हणून घेतायत. पगार बरा, पण तिथे मला धरून दोनच डेव्हलपर आणि दुसरा बहुतेक वेळ क्लायंटकडे असतो. घरचे म्हणतात पगाराची नोकरी घे, शिकणं काय होतच राहतं. माझा ओढा अप्रेंटिसशिपकडे आहे, पण या वयात शिकाऊ म्हणून बसायचं आणि वर्षाअखेर हातात काहीच नाही असं झालं तर?

ज्यांनी हा रस्ता धरला किंवा ज्यांच्या हाताखाली असे शिकाऊ आले त्यांनी सांगाल का? पंधरा दिवसांत कळवायचंय.

मधली_सुट्टी

रुमाल टाकून ठेवतेय. मी शाळेत गणित शिकवते आणि माझा प्रश्न अगदी हाच आहे.

रात्रपाळी

तेरीज ताई, सरळ नोकरी घ्या. मी पहिल्या दिवसापासून एकटाच होतो, सर्व्हर पडला की रात्री दोनला मीच उठायचो, विचारायला कोणी नाही, लॉग वाचायचे आणि शोधायचं. सहा महिन्यांत जे अंगात मुरलं ते कोणी शिकवून आलं नसतं. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. आणि शिकाऊ हा शिक्का एकदा बसला की पुढच्या ठिकाणीही त्याच पगारावरून बोलणी सुरू होतात, हेही लक्षात घ्या.

कंसबंद

+१ रात्रपाळी. आणि स्टायपेंडवर वर्ष काढायचं तर तेवढा खर्च गाठीशी आहे का ते आधी बघा, बाकीचं सगळं त्यानंतर.

अर्धविराम

असहमत, आणि जरा लांबलचक लिहितोय.

मी दोन अप्रेंटिसशिप केल्यात. पहिलीत दहा महिने काढले. रोज सकाळी ग्राहकांच्या तक्रारी एका सिस्टिममधून उचलून एक्सेलमधे टाकायच्या, दुपारी तेच स्क्रीन हाताने क्लिक करून तपासायचे, संध्याकाळी रिपोर्ट. मधे वेळ मिळाला की मी कोड लिहायचो पण तो कोणी उघडूनही बघितला नाही. दहा महिन्यांत माझ्या कोडवर एकही कॉमेंट आली नाही! मला वाटायचं म्हणजे बरोबर असेल. पुढच्या इंटरव्ह्यूला समोरच्याने माझंच एक फंक्शन उघडलं, म्हणाला यात रिकामी यादी आली तर काय होईल, आणि मी गप्प. तो प्रश्न त्याआधी मला कधी कोणी विचारलाच नव्हता.

दुसरी चौदा महिन्यांची. तिथे मला एक सीनियर नेमून दिलेली होती आणि तिच्या कामातच धरलं होतं की आठवड्यातले इतके तास याच्यासाठी. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. आम्ही तिघं एकाच ब्रँचवर, म्हणजे कोडच्या एकाच शाखेवर, काम करत होतो. माझा पुश, म्हणजे सर्व्हरवर चढवायचा कोड, गिट घेईना (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन), सर्व्हरवरची ब्रँच पुढे गेलीय असं काहीतरी सांगत होतं. नेटवर शोधलं, कोणीतरी लिहिलेलं की फोर्स लावा, म्हणजे सर्व्हरवर जे असेल त्यावर आपलंच चढवा, लावलं. गेलं एकदाचं म्हणून पाणी प्यायला उठलो. परत येतो तर तिसरी सहकारी विचारतेय की माझे काल-परवाचे कमिट (गिटमधे नोंदवलेले बदल) कुठे गेले? तिला सवय होती सर्व्हरवर जे असेल त्याप्रमाणे स्वतःची प्रत रिसेट करून घ्यायची, आणि तिने नेमकं तेव्हाच ते केलं होतं, त्यामुळे तिच्याकडूनही गेलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

माझी सीनियर आली. आवाज चढवला नाही, कीबोर्ड हिसकावला नाही. म्हणाली, आधी कशाला हात लावू नकोस, काय टाईप केलंस ते अक्षरन् अक्षर सांग. मग त्या सहकारीच्या मशीनवर मलाच बसवलं आणि रिफ्लॉग ही गिटची आज्ञा चालवायला सांगितलं. स्क्रीनवर यादी आली, ही ब्रँच आत्ता कुठे, त्याआधी कुठे, त्याच्याही आधी कुठे. चौथ्या ओळीवर परवाचा कमिट दिसला. त्यावर नवीन ब्रँच काढली, माझे बदल त्यावर चढवले, पुश केला. पंधरा मिनिटं लागली असतील. तेव्हा कळलं की कमिट झालेली गोष्ट गिट लगेच फेकून देत नाही, कुठूनच पोचता येत नसलेल्या नोंदीही रिफ्लॉगमधे मुळात ३० दिवस राहतात. आणि फोर्सचा एक सावध भाऊ आहे, फोर्स विथ लीज, म्हणजे तुम्ही शेवटचं बघितल्यानंतर सर्व्हरवर दुसऱ्या कोणी काही टाकलं असेल तर तो पुश नाकारतो. त्याच संध्याकाळी तिने मला घडलेलं सगळं टीमच्या विकीवर लिहायला लावलं, आणि मुख्य ब्रँचवर फोर्स बंद करण्याचं सेटिंगही मीच केलं.

रात्रपाळी, तुमचं पाण्यात पडण्याचं पटतं, पण मी त्या दिवशी एकटा असतो तर दुसऱ्याचं दोन दिवसांचं काम गेलं असतं आणि रिफ्लॉग हा शब्द मला आजही माहीत नसता.

शाईपेन

वा, अर्धविराम! ती विकीची नोंद म्हणजे खरा धडा.

एक भाबडी शंका. इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप यात नक्की फरक काय? आमच्याकडे दोन्ही शब्द कसेही वापरतात.

जुनाजाणता

वीस-बावीस वर्षं या धंद्यात आहे आणि आत्तापर्यंत अकरा शिकाऊ हाताखाली घडले, म्हणून हक्काने लिहितो.

शाईपेन, इंटर्नशिप म्हणजे साधारण शिक्षण चालू असताना दोन-तीन-सहा महिने येऊन काम बघून जाणं. अप्रेंटिसशिप हा कामाचाच करार असतो ज्यात मालकाने शिकवायचं कबूल केलेलं असतं, मुदत ठरलेली, मोबदला ठरलेला, आणि शेवटी हा माणूस स्वतंत्रपणे काम करू शकला पाहिजे ही अपेक्षा. हा काही नवा प्रकार नाही. भारतात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे, मुळात तो कारखान्यातल्या ट्रेड्ससाठी होता, अभियांत्रिकीचे पदवीधर आणि डिप्लोमावाले १९७३ च्या दुरुस्तीने त्यात आले. जर्मनीत तर सॉफ्टवेअरसाठी रीतसर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे, फाखइन्फॉर्माटिकर म्हणतात, १९९७ पासून चालू. तीन वर्षं, थोडे दिवस कंपनीत थोडे व्यवसायशाळेत. शेवटी कंपनीतलाच खरा प्रकल्प करून दाखवायचा, डेव्हलपर शाखेला त्यासाठी ८० तास असतात, मग त्याचा लेखी अहवाल, सादरीकरण आणि तोंडी परीक्षा. आणि परीक्षा घेतं तिथलं उद्योग-व्यापार मंडळ, स्वतः कंपनी नाही. मला त्यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण शिकाऊ कच्चा राहिला तर ते बाहेरच्यांना दिसतं.

तेरीज, म्हणून पहिली चौकशी ही करा की ऑफर लेटरवर नुसता अप्रेंटिस शब्द आहे की कायद्याखाली नोंदवलेला करार आहे. नोंदवलेला असेल तर मुदत, कामाचे तास, किमान स्टायपेंड याला काहीतरी आधार असतो. नुसता शब्द असेल तरी ऑफर वाईटच असं नाही, पण मग सगळं लेखी मागून घ्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. त्यांना विचारा की माझा कोड रोज कोण वाचणार. नाव विचारा. "आमची टीम खूप सपोर्टिव्ह आहे" हे उत्तर नाही. त्या माणसाला भेटायला मागा, आणि त्यालाच विचारा की यासाठी तुमच्याकडचं काम कमी केलंय का. मी हे माझ्यावरून सांगतोय, माझ्या पहिल्या दोन शिकाऊ मुलांना मी नीट वेळ देऊ शकलो नाही कारण माझ्या डेडलाइन तशाच होत्या, आणि त्याची भरपाई त्या पोरांनी केली. त्यातला एक धंदाच सोडून गेला. तो फार चांगला प्रोग्रामर झाला असता, अजून मनाला लागून राहिलंय.

कंसबंद

जुनाजाणता काका, हे पटलं. माझा +१ अर्धा मागे घेतो, गाठीशी पैसा हवा हा अर्धा तसाच.

ठिपक्यांची_रांग

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आमच्या वेळी सीनियर चारचौघांत ओरडायचे, तरी आम्ही टिकलो आणि शिकलो. हल्लीच्या पोरांना सगळं गोड बोलून हवं.

अर्धविराम

ठिपक्यांची रांग, ओरडण्याने मी शिकलो असतो ते एवढंच की पुढच्या वेळी चूक झाली तर सांगायची नाही. फोर्स पुशनंतर मी पाच मिनिटं जरी लपवलं असतं आणि मधल्या वेळात इकडेतिकडे हात मारले असते तर गुंता वाढला असता. घाव घालायचेत तर कोडवर घाला की, माझ्या सीनियरच्या कॉमेंट्स काही गोड नव्हत्या, एकेका पुल रिक्वेस्टवर (माझा बदल तपासून मुख्य कोडमधे घ्या अशी विनंती) तीस-तीस असायच्या.

ठिपक्यांची_रांग

तीस? मग ठीक आहे, तिला माझा नमस्कार सांगा.

बाँडपेपर

सावधगिरीचं एक. मी ज्या ठिकाणी शिकाऊ म्हणून लागले तिथे दोन वर्षांचा बाँड होता आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली होती. शिकवणं पहिले तीन आठवडे, नंतर थेट क्लायंटच्या प्रोजेक्टवर, बिलात मी पूर्ण डेव्हलपर आणि पगारात शिकाऊ. सोडायचं म्हटलं तर प्रमाणपत्रं अडकलेली, ती मिळवायला पाच महिने खेटे घातले. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, बघायला मागितले तर समोर बसून दाखवा आणि परत घ्या. आणि शिकवण्याचे पैसे तुमच्याकडेच मागत असतील तर तो क्लास आहे, त्याला अप्रेंटिसशिप म्हणू नये.

तेरीज_जुळेना

बापरे, एका रात्रीत इतकं! सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धविराम, तुमचा तो प्रसंग दोनदा वाचला.

काही उत्तरं. वर्षभराचा खर्च कसाबसा आहे, काटकसरीने. बाँड नाही, विचारून घेतलं. कोड कोण वाचणार हे अजून विचारलं नाहीये, परवा फोन आहे तेव्हा विचारते.

एक सांगायचं राहिलं, त्यांनी मुलाखतीच्या आधी घरी करायला एक काम दिलं होतं. इन्व्हॉइसचा छोटा प्रोग्रॅम, त्यात एकूण कर कधीकधी शेवटच्या दशांशात चुकतो, कारण शोधा. मला ते बघताक्षणी ओळखीचं वाटलं. प्रोग्रॅम प्रत्येक ओळीवर कर काढून दोन दशांशांपर्यंत आणत होता आणि मग बेरीज, आणि दुसऱ्या रिपोर्टमधे आधी बेरीज मग कर. समजा तीन ओळींवर कर २.३४४ येतो. प्रत्येक २.३४ धरला तर बेरीज ७.०२, आणि आधी बेरीज केली तर ७.०३२ म्हणजे ७.०३. सात वर्षं मी हाच एक शतांश शोधत बसलेय. मी लिहून पाठवलं की दोन्हीपैकी कुठली पद्धत वापरायची हा प्रोग्रॅमचा नाही, हिशेबाच्या नियमाचा प्रश्न आहे, आधी ते ठरवा आणि दोन्हीकडे एकच ठेवा. मला वाटतं त्यावरच ऑफर आली.

जुनाजाणता

तेरीज, हे वाचून खुर्चीतून उठलो. तुम्ही शून्यापासून सुरुवात करताय असं कृपया कुठेही म्हणू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे ही चूक दर काही वर्षांनी कोणीतरी नव्याने करतो आणि ती शोधायला चांगल्या चांगल्यांचे दोन-दोन दिवस जातात.

शाईपेन

अवांतर: आणि पैसे फ्लोटमधे, म्हणजे दशांश आकड्यांच्या नेहमीच्या प्रकारात, ठेवले असतील तर वेगळाच घोळ. पायथनमधे ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ हा अपूर्णांक दोनच्या भाषेत नेमका मांडताच येत नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात संपवता येत नाही. म्हणून पैशांना डेसिमल हा दशांश नेमके ठेवणारा प्रकार वापरा किंवा सगळ्यात लहान नाण्याच्या पटीत पूर्णांक ठेवा. आणि राउंड फंक्शनला २.५ दिलं तर ३ नाही, २ येतं! अर्ध्यावर आलं की ते जवळच्या सम संख्येकडे जातं.

तेरीज_जुळेना

काय सांगता! २.५ चे २? हे आमच्या कुठल्याही ऑडिटरला सांगितलं तर ते पेनच खाली ठेवतील. आत्ता करून बघितलं, खरंच २ येतंय, आणि ३.५ चे मात्र ४.

मधली_सुट्टी

गणिताची म्हणून लिहितेच: यामागे कारण आहे, अर्धे नेहमी वरच ढकलले तर मोठ्या बेरजेत आकडा वरच्या बाजूला झुकत जातो, सम संख्येकडे नेलं की काही वर काही खाली जाऊन तोल राहतो.

तेरीज ताई, तुमच्या आयडीवरून विचारते, तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नसेल तर फरकाला नऊने भाग जातो का बघायचं हे तुम्ही अजून करता का? माझे आजोबा करायचे.

तेरीज_जुळेना

अहो रोज! फरकाला नऊने भाग गेला की बहुतेक वेळा कोणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेले असतात. ४५० च्या जागी ५४०, फरक ९०. ६३ च्या जागी ३६, फरक २७. मग सगळं लेजर वाचत बसावं लागत नाही, उलट होऊ शकणाऱ्या नोंदीच तेवढ्या बघायच्या. एकदा सहा हजार नोंदींमधून अकरा मिनिटांत सापडलेली आहे.

मधली_सुट्टी

आणि सिद्धताही सुंदर. दशकावर क आणि एककावर ख असेल तर दहा क अधिक ख, यातून दहा ख अधिक क वजा करा, उरतं नऊ गुणिले क आणि ख चा फरक. उद्या वर्गात हेच घेणार.

रात्रपाळी

ही जी फरकावरून चुकीचा प्रकार ओळखायची सवय आहे ना, हेच डीबगिंग. मी नवीन पोरांना सांगून थकतो की कोड वरपासून खालपर्यंत वाचू नका, लक्षणावरून आधी शंका बांधा. ताई, तुमच्यात ते आहे. तरी माझं मत नोकरीच.

डिग्रीवाला

थोडं कटू लिहितो. कॉम्प्युटरची डिग्री नसताना अप्रेंटिसशिप करून आलेल्यांना पाया कच्चा राहतो. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस आतून कसा चालतो, हे कामावर कोणी शिकवत नाही. दोन-तीन वर्षं चालतं, नंतर अडतं. हे मी बघितलंय.

मधली_सुट्टी

पण ही डिग्री तरी कधीपासून आहे? एनियाक हा संगणक १९४६ साली लोकांसमोर आला, त्यावर काम करणाऱ्या सहा प्रोग्रामर बाया होत्या. सुरुवातीला त्यांना मशीनच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती, नुसत्या आराखड्यांच्या कागदांवरून त्या शिकल्या. अमेरिकेतला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग पर्ड्यू विद्यापीठात निघाला तो १९६२ मधे.

डिग्रीवाला

मान्य, पण त्या गणितात तयार होत्या. पाया होताच. माझा मुद्दा डिग्रीच्या कागदाचा नाहीये, पायाचा आहे.

जुनाजाणता

डिग्रीवाला, तुमच्या मुद्द्यात जीव आहे आणि तेरीजने तो गंभीरपणे घ्यावा. मी माझ्या शिकाऊंना आठवड्यातला अर्धा दिवस कामाच्या वेळेत वाचायला देतो. ब्रिटनमधल्या अप्रेंटिसशिपमधे तर शिकण्याचा ठरावीक वेळ कामाच्या तासांतच धरायचा नियमच आहे. रात्री घरी जाऊन शिका म्हटलं की घरची जबाबदारी असलेले लोक मागे पडतात, मग आपण म्हणतो पाया कच्चा. त्या अर्ध्या दिवसात मी तयार विषय देत नाही, आठवड्यात जिथे अडलं तिथून मागे जायचं. एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चाळीस सेकंद घेत होती, इंडेक्स लावल्यावर पाऊण सेकंदावर आली, का? मग इंडेक्स म्हणजे काय, बी-ट्री म्हणजे काय, त्यात शोध इतक्या कमी पायऱ्यांत कसा संपतो, हे त्या पोरीने तीन आठवड्यांत स्वतः मांडून दाखवलं. ती आता विसरणं शक्य नाही कारण ते चाळीस सेकंद तिने स्वतः बसून मोजले होते.

नवखा_पाऊस

पण मुळात एआय आल्यावर शिकाऊ कोण घेणार? जे काम शिकाऊला द्यायचे तेच आता चॅटबॉट करतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं तेव्हापासून आमच्या टीमने एकही नवखा घेतलेला नाही.

रात्रपाळी

याला मात्र सहमत, ही भीती खरी आहे.

अर्धविराम

भीती खरी आहे, मी नाकारत नाही, नवख्यांच्या जागा आटल्याचं मीही बघतोय. पण शिकणाऱ्याच्या बाजूने एक सांगतो. आमच्याकडे आता शिकाऊंना एआय वापरायची मुभा आहे, अट एकच, पुल रिक्वेस्टमधली कुठलीही ओळ का आहे हे तोंडी सांगता आलं पाहिजे. एका मुलाने सुंदर दिसणारा कोड आणला, चाचण्याही पास. मी विचारलं इथे एरर पकडून गप्प का बसलायस? त्याला माहीतच नव्हतं की तो गप्प बसलाय. पेमेंट अयशस्वी झालं तरी ग्राहकाला पावती गेली असती. तो मुलगा हुशार आहे, पण ते दिसायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो कोणीतरी शेजारी बसून रोज दाखवल्याशिवाय होत नाही. म्हणून मला तर शेजारी बसणाऱ्या माणसाची गरज आता वाढलेली दिसते.

शाईपेन

आणि कुठेच जागा मिळाली नाही तर ओपन सोर्स आहेच. गिटहबवर बऱ्याच प्रोजेक्टमधे सोप्या कामांना गुड फर्स्ट इश्यू असं लेबल असतं. गूगलचा समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, त्यात प्रत्येकाला मार्गदर्शक नेमून देतात. तिथेही अनोळखी माणूस तुमचा कोड वाचतो आणि तोंडावर सांगतो काय चुकलं.

तेरीज_जुळेना

मंडळी, फोन झाला.

विचारलं की माझा कोड रोज कोण वाचणार. एचआरच्या बाईंनी आधी "पूर्ण टीम" असं सांगितलं, मी जुनाजाणता काकांचं ऐकून परत विचारलं की नाव सांगाल का आणि त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलता येईल का. दोन दिवस काही नाही, मला वाटलं गेलं हातचं. मग थेट त्या माणसाचाच फोन आला. त्याने सांगितलं की मागच्या वर्षी दोन शिकाऊ होते, एक कायम झाली, एकाला घेतलं नाही, आणि का घेतलं नाही तेही सांगितलं, की तो सहा महिने अडला तरी विचारायचा नाही आणि ते आमच्या लक्षात उशिरा आलं. आता रोज सकाळी अर्धा तास दोघांनी एकत्र बसायचं असं ठेवलंय. माझ्यासाठी त्याचं काम कमी केलंय का विचारल्यावर तो म्हणाला पाचातला एक दिवस, जास्त मागितला होता, मिळाला नाही.

छोट्या कंपनीलाही तोच प्रश्न विचारला. ते प्रामाणिकपणे म्हणाले की तुम्हीच एकमेकांचं बघा, वेळ मिळेल तसं. माणसं चांगली आहेत, पण मला ते झेपायचं नाही.

अप्रेंटिसशिप घेतेय. कायम करण्याचे निकष ईमेलवर मागवलेत, तीन ओळींत का होईना पण आले. घरी अजून तोंड फुगलेलंच आहे.

रात्रपाळी

ज्याने न घेतलेल्याचं कारण सांगितलं तो माणूस खरा आहे. जा बिनधास्त. माझं मत बदललं असं समजा, निदान तुमच्यापुरतं. मला असा कोणी भेटला असता तर त्या रात्री दोनच्या उठण्यातल्या निम्म्या तरी वाचल्या असत्या.

बाँडपेपर

अभिनंदन! कागद स्वतःजवळच ठेवा.

कंसबंद

अभिनंदन ताई. दोन महिन्यांनी इथेच येऊन लिहा, धागा वर काढा.

तेरीज_जुळेना

नऊ आठवडे झाले, कंसबंदने सांगितल्याप्रमाणे वर काढतेय.

पहिली पुल रिक्वेस्ट चार ओळींची होती. तारखेच्या रकान्यात रिकामी तारीख आली की रिपोर्ट कोसळायचा, ते दुरुस्त केलं. त्यावर एकोणीस कॉमेंट्स. चार ओळींवर एकोणीस! तिसरी कॉमेंट होती, "ही अट का?" आणि मला सांगता येईना, कारण ती मी दुसऱ्या फाइलमधून जशीच्या तशी आणली होती. त्या दिवशी जेवणही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या अर्ध्या तासात आम्ही दोघांनी ती अट काढून टाकली, चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. म्हणजे ती अट कुठेच लागत नव्हती, जिथून आणली तिथेही नाही. त्याने मला तिथूनही काढायला सांगितली आणि कमिटच्या संदेशात का काढली ते लिहायला लावलं. तीन वर्षं ती ओळ तिथे बसून होती.

सगळं छान आहे असं नाही. टर्मिनलवर अजून हळू आहे, मीटिंगमधे निम्मे शब्द वहीत लिहून नंतर शोधते, आणि महिनाअखेर बँकेतला आकडा बघवत नाही. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान मुलगी मला रिव्ह्यू देते, त्याचं पहिल्या आठवड्यात जड गेलं, आता नाही जात, ती फार नीट समजावते. मागच्या गुरुवारी दोन रिपोर्टच्या बेरजा जुळत नव्हत्या, टीम कोड चाळत होती. मी फरक बघितला, ७२, नऊने भाग जातो. म्हटलं कोणीतरी हाताने आकडा भरलाय का कुठे? भरला होता. १९ च्या जागी ९१. मग मला त्या रकान्यावर तपासणी लिहायला दिली, ते माझं पहिलं संपूर्ण स्वतःचं काम.

मधली_सुट्टी

नऊ!!! आजोबांना सांगायला हवं होतं.

ताई, माझाही एका ठिकाणी अर्ज पुढे गेलाय, मुलाखत गुरुवारी आहे. कोड कोण वाचणार हे पहिल्याच फेरीत विचारू की शेवटी?

तेरीज_जुळेना

पहिल्याच फेरीत. आणि नाव मिळालं तर लगेच वहीत लिहून घ्या, त्यांच्यासमोरच.